मान खाली घालून काम करणाऱ्यांसाठी

गेल्या दोन लेखांत आपण कंबरदुखीची माहिती घेतली. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे कंबरेची नव्हतीच, ती मानेची व खांद्याची होती. गणवेश शिवणारे एक गृहस्थ लिहितात, "दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळी मान वर केली की टाळूपर्यंत कळ जाते." एका पतपेढीतील भगिनींची तक्रार अशी की संगणकासमोर दोन तास बसले की डाव्या खांद्यावर कोणी वीट ठेवल्यासारखे वाटते. तिसरे पत्र एका निवृत्त शिक्षकांचे आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. तेथे सकाळी बाकावर बसलेल्या दहा रुग्णांपैकी दोघी-तिघी तरी विडी वळणाऱ्या असतात. त्यामुळे मानेचे दुखणे मी पुस्तकापेक्षा त्यांच्याकडूनच जास्त शिकलो, असे म्हटले तरी चालेल. भिंतीला टेकून, मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन ही बाई बसते. सुपात पाने, जर्दा, कात्री, धागा. नजर सतत बोटांवर. मान पुढे झुकलेली, दोन्ही कोपरे किंचित उचललेली, खांदे कानाकडे ओढलेले. या स्थितीत आठ-नऊ तास. हालतात ती फक्त बोटे.

आता येथे एक गोष्ट समजून घ्यावी. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना हे वजन मानेच्या सात मणक्यांवर नीट तोललेले असते आणि स्नायूंना फारसे काम पडत नाही. डोके पुढे झुकले की तोल जातो आणि ते पडू नये म्हणून मानेच्या मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावे लागते. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरणे आणि तीच कळशी हात लांब करून धरणे, यातील फरक आपणांस ठाऊक आहे. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर हा हिशेब मांडला. त्यांच्या गणितानुसार मान १५ अंश झुकली तर मणक्यांवरचा भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांत १८ किलो आणि ६० अंशांत २७ किलो. हे गणित आहे, प्रत्यक्ष कोणाच्या मानेत काटा बसवून केलेले मोजमाप नव्हे; परंतु दिशा कळण्यास ते पुरेसे आहे. २७ किलो म्हणजे आठ वर्षांचे मूल.

"पण डॉक्टर, आम्ही कुठे ओझं उचलतो? बसूनच तर असतो," असे मला नेहमी विचारले जाते. बसून असता हेच तर कारण आहे. चालताना स्नायू आवळतो आणि सैल सुटतो, पुन्हा आवळतो. प्रत्येक सुटण्याबरोबर त्यात ताजे रक्त शिरते. एकाच स्थितीत धरून ठेवलेल्या स्नायूला मात्र ही सवलत मिळत नाही. आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी येते, काम करून साचलेली द्रव्ये वाहून जात नाहीत आणि स्नायू दुखू लागतो. स्वीडनमधील संशोधक गोरान हॅग यांनी १९९१ साली यावर एक उपपत्ती मांडली. हलके काम असले की स्नायूतील ठराविक बारीक तंतूच आधी कामाला लागतात आणि काम संपेपर्यंत तेच जुंपलेले राहतात. मोठे तंतू आराम करत असतात. हॅग यांनी या तंतूंना परीकथेतल्या सिंड्रेलाचे नाव दिले. आपल्याकडे सांगायचे तर सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांच्या मागून झोपणारी घरातली थोरली सून. काम हलके आहे म्हणून तिला कोणी विश्रांती देत नाही, आणि मोडते ती तीच.

म्हणून उपचाराचा गाभा गोळीत नाही, तो या सुनेला दिवसातून आठ-दहा वेळा मिनिटभर बसवण्यात आहे.

हे सांगणे सोपे आहे. दोन वर्षांपूर्वी एक अक्का आल्या होत्या. वय पंचेचाळीस, विडीच्या कामात तीस वर्षे. सकाळी मान लाकडासारखी होते, उजव्या खांद्याच्या पात्याजवळ सतत ठणकते. औषधाच्या दुकानातून रोज दोन वेदनाशामक गोळ्या, त्याही उपाशीपोटी, असे वर्षभर चालले होते. पोटात जळजळ होई आणि शौचास काळी होऊ लागली होती. काळी शौच म्हणजे जठरातून रक्तस्राव. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. मानेचे दुखणे राहिले बाजूला, आधी त्यांचे पोट सांभाळावे लागले. गोळ्या बंद केल्या आणि व्यायाम सांगितला, तर त्या हसल्या. "हजाराला मजुरी असते डॉक्टर. व्यायामाची मजुरी कोण देतं?"

प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोघांनी तेथेच हिशेब केला. हजार विड्यांना त्यांना नऊ तास लागत, म्हणजे मिनिटाला दोनहूनही थोड्या कमीच. तासाला एक मिनिट थांबल्या तर दिवसाकाठी नऊ मिनिटे, म्हणजे सोळा-सतरा विड्या. मी गप्प बसलो, कारण ज्यांचे पोट हजारावर आहे त्यांना सतरा विड्याही थोड्या नाहीत. त्याच थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुपारनंतर बोटं जड झाली की छाटीत याच्यापेक्षा जास्त जातात." विडी देताना ज्या नापास होतात त्यांना छाट म्हणतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. हा हिशेब मला सुचला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकीला तोच सांगतो.

आता प्रत्यक्ष व्यायाम. सर्व हालचाली सावकाश करायच्या, श्वास रोखायचा नाही. ताण जाणवला पाहिजे, पण कळ येता कामा नये. हातात वीज खेळल्यासारखे झाले किंवा चक्कर आली तर तो प्रकार थांबवावा व डॉक्टरांना दाखवावे.

पहिला प्रकार खांद्यांचा. दोन्ही खांदे कानांकडे उचलावेत, मनात तीन अंक मोजावेत आणि एकदम सैल सोडून द्यावेत. उचलण्यापेक्षा सोडणे महत्त्वाचे. आपले खांदे वर अडकलेले आहेत हे बऱ्याच जणांना सोडल्यावरच कळते. पाच वेळा. लगेच खांदे मागच्या दिशेने गोल फिरवावेत, तेही पाच वेळा. पुढच्या दिशेने फिरवण्याची गरज नाही, पुढे तर ते दिवसभर असतातच.

दुसरा प्रकार मला सर्वांत उपयोगी वाटतो आणि सर्वांत जास्त चुकीचा केला जातो तोही हाच. भिंतीला पाठ लावून बसावे. नजर समोर. हनुवटी वर किंवा खाली न करता डोके सरळ मागे सरकवावे, कपाट भिंतीकडे ढकलतो तसे. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसू लागली म्हणजे जमले. दिसायला हे गमतीचे असते, त्यामुळे बायका एकमेकींकडे पाहून हसतात. हसू द्यावे. पाच अंक धरून सोडावे, असे आठ ते दहा वेळा. पुढे गेलेले डोके पुन्हा मणक्यांच्या ओळीत आणण्याचे काम यात होते. मान वाकवून हनुवटी छातीला लावली तर तो हा व्यायाम नव्हे, ती तर पुन्हा विडीचीच स्थिती झाली.

तिसरा ताणाचा. उजवा हात मांडीखाली दाबून धरावा, म्हणजे उजवा खांदा वर येणार नाही. डोके डाव्या खांद्याकडे कलवावे, जणू कान खांद्याला सांगतो आहे. उजव्या बाजूला कानापासून खांद्यापर्यंत ताण जाणवेल. वीस ते तीस अंक थांबावे. मग तोंड त्याच डाव्या बाजूस वळवून नाक डाव्या बगलेकडे न्यावे. आता ताण मागे, पात्याच्या वरच्या कोपऱ्यात जाईल. विडी व शिवणकाम करणाऱ्यांची नेमकी दुखरी जागा हीच. तेथे जो स्नायू लागतो तो मानेच्या वरच्या मणक्यांपासून निघून खांद्याचे पाते उचलून धरतो. दुसऱ्या बाजूने तसेच करावे. दोन्ही बाजूंना दोन-तीन वेळा. डोक्यावर हात ठेवून जोराने ओढू नये, हाताचे नुसते वजन पुरे.

चौथा उभ्याने, दाराच्या चौकटीत. दोन्ही कोपरे खांद्याच्या उंचीवर वाकवून, हात चौकटीला लावून एक पाऊल पुढे टाकावे. छाती उघडते. मान दुखते आणि छाती कशाला ताणायची, असे विचारले जाते. छातीचे स्नायू आखूड झाले की ते खांदे पुढे खेचतात, आणि खांदे पुढे गेले की डोकेही त्यांच्यामागे जाते. पाण्याला आलेल्या, डबा घ्यायला उठलेल्या माणसाने जाता येता दारात हे करावे, वेगळा वेळ लागत नाही.

ताण देण्याने बरे वाटते, परंतु केवळ ताणावर भागत नाही. स्नायू बळकटही हवा. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने फार आशादायक आहे. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ लोकांचे तीन गट केले. एका गटाने रबरी पट्टा ताणून हात बाजूने खांद्यापर्यंत उचलण्याचा व्यायाम रोज दोन मिनिटे केला, दुसऱ्याने बारा मिनिटे, तिसऱ्याने केलाच नाही. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटे करणाऱ्यांचेही दुखणे स्पष्ट कमी झाले, आणि बारा मिनिटेवाल्यांपेक्षा ते फारसे मागे राहिले नाहीत. ही मंडळी मुख्यतः कार्यालयात बसणारी होती हे खरे, पण स्नायू तेच. आपल्याकडे रबरी पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. उभे राहून, कोपरे किंचित वाकवून, हात बाजूने पण थोडे पुढच्या अंगाला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावेत व हळू खाली आणावेत. खांद्याच्या वर नेऊ नयेत. पहिला आठवडा रिकाम्या हातांनी करावा. पहिले दोन-चार दिवस अंग थोडे जास्त दुखेल, ते वापरात नसलेल्या स्नायूचे दुखणे असते.

पहिले दोन प्रकार दर तासाला, मिनिटभर, जागेवरून न उठता. बाकीचे दिवसातून दोनदा. यापेक्षा मोठे वेळापत्रक मी कोणाला देत नाही, कारण दिलेले मोठे वेळापत्रक तिसऱ्या दिवशी चुलीत जाते.

व्यायामाबरोबर बैठकही बदलावी लागते. सूप मांडीवर ठेवण्याआधी खाली घट्ट उशी किंवा छोटा पाट ठेवला तर ते चार बोटे वर येते, आणि तितकी मान वर येते. स्वतः घडी घातलेल्या चादरीवर बसावे. बूड जरा उंच झाले की पाठ आपोआप सरळ होते. शिवणाऱ्यांनी स्टूल मशीनच्या जवळ ओढावे. पतपेढीतील भगिनींनी संगणकाचा पडदा जाड वह्या खाली घालून डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि फोन मान वाकडी करून खांद्यात धरू नये.

आणि चष्मा. याकडे कोणाचेच लक्ष नसते. चाळिशी ओलांडली की जवळचे दिसणे कमी होते. ज्याला सुईचे नेढे दिसत नाही तो नकळत मान पुढे नेतो, पाय हलतो, उजेडाकडे वळतो. मानेसाठी आलेल्या कितीतरी शिंप्यांना मी आधी डोळे तपासायला पाठवतो आणि वाचनाचा साधा चष्मा लागल्यावर निम्मे दुखणे गेलेले पाहतो. उजेड खिडकीतून बाजूने यावा. अंधाऱ्या खोलीत बसून केलेला कोणताही व्यायाम वाया जातो.

काय करू नये हेही सांगितले पाहिजे. डोके गरागरा पूर्ण गोल फिरवणे टाळावे, विशेषतः पन्नाशीनंतर. सावकाश चारही दिशांना नेलेली मान वेगळी. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान कडाड मोडून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या आवाजाने मोकळे वाटते हे मीही तरुणपणी अनुभवले आहे. परंतु मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. झटक्याने त्यांच्या आतील पदराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचित घडते, पण दाढीच्या पैशांत फुकट मिळणाऱ्या सेवेसाठी ही जोखीम कशाला? गळपट्ट्याचेही तसेच. आम्ही डॉक्टरांनी तो पूर्वी सरसकट दिला. फार कळ असताना चार-आठ दिवस ठीक. महिनोन्‌महिने घातला तर मानेचे स्नायू आयते बसून दुबळे होतात.

क्ष-किरण फोटोत "मणक्यात गॅप" किंवा "मणका झिजला" असे ऐकून पुष्कळ लोक हातपाय गाळतात. साठीच्या बहुतेक माणसांच्या फोटोत असे बदल दिसतात, काही दुखत नसले तरी. ते पांढऱ्या केसांसारखे समजावेत.

मात्र काही दुखणी मानेची म्हणून येतात आणि ती मानेची नसतात, किंवा असली तरी व्यायामाने बरी होणारी नसतात. याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. २००९ च्या मे महिन्यात, शाळेच्या गणवेशांची घाई असताना, पन्नाशीचे एक शिंपीकाका डावा खांदा दुखतो म्हणून आले. गर्दी होती. शिवणकाम म्हटल्यावर मी पुढचे विचारलेच नाही, खांदे उचलण्याचा व्यायाम दाखवून पाठवले. तिसऱ्या रात्री त्यांना हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले. नंतर भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "शिवताना दुखत नव्हतं डॉक्टर, माळ्यावर कापड आणायला जिना चढलो की दुखायचं. बसलो की थांबायचं." हे एक वाक्य मी विचारले असते तर ते त्यांनी त्या दिवशीच सांगितले असते. स्नायूचे दुखणे बैठकीने वाढते आणि हातापायांच्या हालचालीने सैल होते. चालल्याने, चढल्याने येणारे व थांबल्यावर जाणारे दुखणे, मग ते खांद्यात असो, जबड्यात असो की हातात, हृदयाचे समजून त्याच दिवशी तपासून घ्यावे. घाम, धाप किंवा मळमळ सोबत असेल तर तासभरही थांबू नये.

दुसरी खूण हाताच्या कसबाची. सदऱ्याची गुंडी लावता येईना, सुईत दोरा ओवता येईना, हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही. अशा वेळी मणक्यातील मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. तेथे व्यायाम नाही, तज्ज्ञ डॉक्टर. ताप व तीव्र डोकेदुखीसह मान ताठ होणे ही तातडीची बाब. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत बारीक ताप व वजन घटणे, यांतही आधी तपासणी हवी. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून गेलेला नाही. केवळ अंगठा व शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल तर दोष बहुधा मनगटात असतो, मानेत नाही. विडी वळणाऱ्यांत हेही पुष्कळ दिसते.

त्या अक्का अजून येतात. मान पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही, दिवाळीच्या आधी काम वाढले की दुखतेच. गोळ्या मात्र सुटल्या आहेत. सुपाखाली त्यांनी नातवाच्या जुन्या पाटीवर गोधडी शिवून बसवली आहे, आणि घड्याळ नसल्यामुळे रेडिओवरच्या बातम्या लागल्या की शेजारच्या चौघी मिळून खांदे उचलतात.

आता निवृत्त शिक्षकांचे पत्र. त्यांचा उजवा हात चार महिन्यांपासून खांद्यातून वर जात नाही, पाठीमागे नेता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. उशी बदलून उपयोग होईल का, असे ते विचारतात. उशीबद्दल सांगायचे तर पाठीवर झोपताना ती पातळ असावी आणि कुशीवर झोपताना खांदा व कान यांतील अंतर भरेल इतकी जाड. परंतु त्यांच्या वर्णनावरून हे दुखणे मानेचे दिसत नाही, खांद्याचा सांधा आखडल्याचे वाटते. हा विकार मधुमेह्यांत अधिक आढळतो आणि कधी कधी मधुमेह आहे हे त्यातूनच प्रथम उघड होते. त्यांनी या आठवड्यात उपाशीपोटी व जेवणानंतर रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि आकडे कळवावेत. आखडलेल्या खांद्याचे व्यायाम वेगळे असतात, ते पुढील सोमवारी.